मे महिन्यात कोकणात कॅमेरा नेताय? आधी क्रम नीट समजून घ्या

मे संपत आला की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. "ताई, मालवणला गेलो होतो, लेन्स आतून धूसर दिसतेय, काय करू?" मग मी विचारते की रात्री कॅमेरा कुठे ठेवला होता, आणि उत्तर बहुतेक वेळा तेच असतं, एसी रूममधे, बॅगेत, अगदी व्यवस्थित. आणि सकाळी? सकाळी बीचवर जाऊन बॅग उघडली. संपलं. बॅग चांगली असते, ओलावा ओढणाऱ्या सिलिकाच्या पुड्या असतात, काळजी सगळ्यांनीच घेतलेली असते, फक्त कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर हे चुकतं. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहितेय, आणि प्लीज याच क्रमाने करा.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमधे ० ते ४० अंश तापमान आणि ८५ टक्क्यांपर्यंत दमटपणा अशी मर्यादा दिलेली असते. कोकण किनाऱ्यावर मेमधे पारा ३३-३४ च्या आसपास असतो, म्हणजे तापमानात आपण बसतो. दमटपणात मात्र काठावर असतो, आणि पहाटे तर त्याच्याही वर. उन्हाला सगळे घाबरतात, पण माझ्या पाहण्यातली जास्त नुकसानं पाण्याच्या वाफेने झालेली आहेत.

टप्पा १: निघायच्या चार दिवस आधी

आदल्या रात्री बॅग भरायला बसलात तर यातलं काहीच होणार नाही, त्यामुळे चार दिवस हातात ठेवा.

१. सगळ्या लेन्स टॉर्चने तपासा. दोन्ही कॅप काढा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून बघा. धुळीचे दोनचार कण असतील तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे किंवा कापसासारखा ठिपका दिसला तर ती बुरशी आहे, ती लेन्स कोकणात नेऊ नका, आधी दुरुस्तीला द्या.

२. सिलिका जेल तापवून ताजं करा. ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट! बुटाच्या खोक्यातून निघालेली, वर्षभर कपाटात पडलेली पुडी केव्हाच ओली होऊन बसलेली असते, ती बॅगेत टाकून काही फायदा नाही. रंग बदलणारे सुटे दाणे आणा. नारिंगी दाणे ओलावा ओढला की हिरवे होतात आणि निळे गुलाबी होतात. रंग बदलला की ओव्हनमधे १२० अंशांवर दोनेक तास ठेवायचे, मूळ रंग परत येतो. १२० च्या वर तापवू नका, दाणे खराब होतात. थंड झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, उघडे राहिले तर संध्याकाळपर्यंत पुन्हा ओले.

सावधान: निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. स्वयंपाकाची कढई, तवा किंवा खाण्याचा ओव्हन त्यासाठी अजिबात वापरू नका. घरात लहान मुलं असतील तर सरळ नारिंगीच घ्या, आणि त्यांच्यासाठीसुद्धा भांडं वेगळं ठेवा.

३. मोठ्या झिपलॉक पिशव्या आणा. लेन्स लावलेला कॅमेरा आरामात आत जाईल एवढी एक, प्रत्येक लेन्सला एकेक, आणि दोन जास्तीच्या. घरी एकदा कॅमेरा आत घालून झिप बंद करून बघा. तिथे गेल्यावर पिशवी लहान निघाली तर मालवणच्या बाजारात शोधत फिरायला लागेल.

टप्पा २: बॅगेत काय आणि काय नाही

झिपलॉक पिशव्या, सिलिकाची कापडी पुरचुंडी, हवेचा रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, तीन मायक्रोफायबर कापडं (एक बॉडीला, एक काचेला, एक घाम पुसायला, आणि यांची अदलाबदल करायची नाही), एक साधा पंचा, जास्तीच्या दोन बॅटऱ्या. लेन्सचं हूड, म्हणजे पुढे लावायचं झापड, नक्की घ्या, उन्हापासून आणि बोटांपासून दोन्ही वाचवतं. समोर लावायचा साधा यूव्ही फिल्टर घ्यावा की नाही यावर लोक तासन् तास वाद घालतात, मी एरवी लावत नाही पण समुद्रावर लावते, कारण खारे शिंतोडे लेन्सवरून पुसण्यापेक्षा फिल्टरवरून पुसलेले परवडले.

लेन्सच्या चामड्याच्या पाउच घरीच ठेवा. चामडं ओलावा धरून ठेवतं आणि बुरशीला तेच हवं असतं.

विमानाने गोव्याला उतरून वर येणार असाल तर जास्तीच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही.

टप्पा ३: प्रवासात

गाडीने जाताना एकच नियम, नाश्त्याला किंवा जेवायला थांबलात की कॅमेऱ्याची बॅग तुमच्याबरोबर उतरली पाहिजे. उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून ५० अंशांच्या वर सहज जाते, डॅशबोर्ड तर त्याहून जास्त. बॅटरीला हे सोसत नाही, आणि लेन्सच्या आतलं ग्रीस पातळ होऊन उजेड कमी-जास्त करणाऱ्या पाकळ्यांवर यायची भीती असते. डिकीत ठेवली म्हणजे सुरक्षित, असं काही नाही.

आणि एसी फुल ठेवून दोन तास गाडी चालवल्यावर समुद्र दिसला म्हणून उतरून लगेच फोटो काढायला जाऊ नका. पुढच्या टप्प्यात जे सांगणार आहे ते गाडीलाही तसंच्या तसं लागू आहे.

टप्पा ४: एसी रूम ते अंगण

हा टप्पा तीनदा वाचा म्हटलं तरी चालेल.

कोकम सरबताचा थंडगार ग्लास टेबलावर ठेवला की पाच मिनिटांत बाहेरून पाणी सुटतं ना? ते पाणी ग्लासमधून झिरपलेलं नसतं, हवेतलं असतं. थंड काचेला दमट हवा लागली की वाफेचं पाणी होतं. कॅमेऱ्याचं अगदी हेच होतं, फरक एवढाच की कॅमेऱ्यात ते पाणी आतल्या भिंगांवर, सेन्सरवर आणि सर्किटवरही बसू शकतं.

आकडा हवा असेल तर असा. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के दमटपणा असेल तर साधारण २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. तुमचा एसी २२ वर, म्हणजे कॅमेरा २२ वर. मग तो कितीही महाग असू दे, काच धूसर होणारच.

पहिल्यांदा तारकर्लीला गेले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पहाटे सहाला रापण ओढायला माणसं जमली होती, दोर खांद्यावर घेऊन दोन रांगा वाळूत मागे मागे सरकत होत्या, मागे सुरूच्या बनात कोवळं ऊन आलेलं, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला तर सगळं दुधात बुडवल्यासारखं. पुसलं. तीन सेकंद स्वच्छ, परत दूध. ओढणीने पुन्हा पुसलं, परत तेच. जाळं बाहेर आलं, मासळी टोपल्यांत भरून झाली, माणसं पांगली, तेव्हा कुठे काच निवळली. त्या दिवशीच्या फोटोंत एकही कामाचा नाही, आणि काचेवर ओढणीच्या घासण्याचे ओरखडे पडले ते वेगळे.

तर क्रम असा:

१. रात्रीच बॅटरी चार्ज करून, रिकामं कार्ड घालून कॅमेरा तयार करा, हवी ती लेन्स लावून ठेवा. म्हणजे सकाळी काही उघडायची वेळ येणार नाही.

२. एसी रूमच्या आत असतानाच कॅमेरा झिपलॉकमधे घाला. एसीतली हवा कोरडी असते, ती कोरडी हवा कॅमेऱ्याभोवती राहिली पाहिजे. हाताने दाबून जास्तीची हवा काढा, झिप बंद करा, बोट फिरवून खात्री करा. लोक दाराबाहेर येऊन पिशवीत घालतात, त्याचा काही उपयोग नाही, तोपर्यंत दमट हवा आत गेलेली असते.

३. बंद पिशवी बाहेर सावलीत ठेवा, पडवीत, झोपाळ्यावर, कुठेही. ऊन नको. छोटी लेन्स असेल तर अर्धा ते पाऊण तास, लांबचं जवळ आणणारी मोठी जड टेलिफोटो असेल तर तास-सव्वा तास. म्हणजे सहाला किनाऱ्यावर असायचं तर पाचला पिशवी बाहेर, असा अलार्म लावा.

४. मधे "झालं का बघू" म्हणून पिशवी उघडू नका. एकदा उघडली की सगळी मेहनत वाया.

तपासणी: पिशवी बाहेर आणल्यावर प्लास्टिकवर बाहेरून बाष्प धरेल. पंचाने पुसा. पुन्हा धरलं तर आत कॅमेरा अजून थंड आहे. पुसल्यावर पाच मिनिटं कोरडीच राहिली आणि हाताला गार लागत नसेल तर उघडा. चष्मा लावणाऱ्यांना आणखी एक सोपी खूण आहे, दाराबाहेर पाऊल टाकल्यावर चष्मा धूसर झाला तर समजा त्या क्षणी कॅमेराही धूसर झाला असता.

हे सगळं टाळायचं असेल तर रात्री कॅमेरा एसी खोलीत ठेवूच नका. होमस्टेमधे काकूंना सांगून माजघरात किंवा बिनएसीच्या खोलीत, सिलिका टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवा. बाथरूममधे ठेवायचा सल्ला कुणीतरी देतंच, तो ऐकू नका, कुणीतरी गरम पाण्याने अंघोळ करणार आणि सगळी वाफ कॅमेऱ्यावर. किंवा एसी २८ वर ठेवून पंखा लावा, झोपही लागते आणि कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा फार थंड होत नाही. मी आता बहुतेक हेच करते.

आणि तरीही धूसर झालाच तर: पुसत बसू नका. लेन्स काढू नका. कॅमेरा बंद करा, सावलीत वारा लागेल असा ठेवा आणि वाट बघा. हेअर ड्रायर नाही, उन्हात नाही, गाडीच्या बॉनेटवर तर मुळीच नाही. पाणी फक्त बाहेरच्या काचेवर असेल तर वीसेक मिनिटांत निवळतं. व्ह्यूफाइंडरमधे (डोळा लावून बघायच्या खिडकीत) किंवा लेन्सच्या आत दिसत असेल तर बॅटरी आणि कार्ड काढा, सिलिकाच्या डब्यात एक पूर्ण दिवस ठेवा आणि तोपर्यंत चालू करून बघू नका. तांदळाच्या डब्यात ठेवणाऱ्यांनाही सांगते, तांदूळ सिलिकाएवढा ओलावा ओढत नाही आणि त्याची पावडर आत जाते ती वेगळीच डोकेदुखी.

टप्पा ५: किनाऱ्यावर

लेन्स बदलायची नाही. एवढंच. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात लेन्स काढली की बहुतेक मॉडेलमधे सेन्सर सरळ उघडा पडतो, आणि समुद्रावरचा वारा म्हणजे बारीक वाळू आणि मिठाचं पाणी. एकच झूम लावून जा. अगदीच बदलायची वेळ आली तर गाडीत किंवा दुकानाच्या आत जा, कॅमेरा बंद करून तोंड खाली धरा, दुसरी लेन्स आधीच कॅप सैल करून हाताशी ठेवा.

"वेदर सीलिंग आहे माझ्या कॅमेऱ्याला" यावर फार विसंबू नका. सांध्यांवरचं ते रबर शिंतोड्यांसाठी असतं, हवेतल्या वाफेसाठी नसतं. झूम करताना पुढे येणारी लेन्स तर भात्यासारखी हवा आत ओढते आणि बाहेर सोडते.

सनस्क्रीन लावून झाल्यावर हात साबणाने धुवा आणि मगच कॅमेरा धरा. डास घालवायच्या काही स्प्रेमधे डीट नावाचं रसायन असतं, ते प्लास्टिक आणि रबर खातं, ग्रिप चिकट होऊन सुटायला लागते. स्प्रे अंगावर मारताना कॅमेरा दूर ठेवा.

घाम कपाळावरून व्ह्यूफाइंडरवर टपकतो, तो खारट असतो हे लक्षात ठेवा. डोक्याला रुमाल बांधा.

हर्णे बंदरावर लिलावाला जाणार असाल तर तिथे पायाखाली बर्फाचं पाणी, खवले आणि धक्काबुक्की, तिन्ही असतं. कॅमेऱ्याला पिशवी उलटी घालून फक्त लेन्सपुरतं भोक पाडा आणि ते हूडला रबरबँडने बांधा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीतही तसंच, शिंतोडे उडणारच, त्यामुळे होडी धक्क्याला लागेपर्यंत कॅमेरा बंद पिशवीत राहू दे.

टप्पा ६: दुपारी

खरं सांगायचं तर दुपारी बारा ते चार कॅमेरा बाहेर काढायची फारशी गरजच नसते. तापलेल्या वाळूवरून लांबच्या होडीचा ३०० एमएमने फोटो काढलात तर तो हलल्यासारखा, वितळल्यासारखा येतो, आणि लोकांना वाटतं लेन्सचा फोकस गेला. फोकस ठीकच असतो, मधली गरम हवा लहरत असते. यावर सेटिंग नाही. जवळ जा, नाहीतर सकाळ-संध्याकाळची वाट बघा.

व्हिडिओ करणाऱ्यांसाठी मात्र हा टप्पा महत्त्वाचा. फोर-के रेकॉर्डिंगमधे सेन्सर आणि प्रोसेसर स्वतःच तापतात, त्यात काळी बॉडी उन्हात, मग कॅमेरा मधेच बंद होतो.

१. शॉट नसताना कॅमेऱ्यावर सावली धरा, छत्री किंवा पांढरा पंचा. पंचा कोरडा हवा, ओला करून गुंडाळू नका.
२. मागचा स्क्रीन बॉडीपासून बाहेर ओढून ठेवा, मागून उष्णता निघायला जागा मिळते.
३. सलग अर्धा तास चालू ठेवण्यापेक्षा दोन-तीन मिनिटांचे तुकडे करा, आणि चालेल तिथे फुल एचडीवर या.
४. तापमानाची खूण आली की लगेच बंद करा, बॅटरीचं झाकण उघडून सावलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वाळू उडत असेल तर झाकण उघडू नका.

सावधान: तापलेला कॅमेरा लवकर गार व्हावा म्हणून कोल्ड्रिंकच्या आइसबॉक्सवर किंवा एसीच्या झोतासमोर ठेवू नका. टप्पा ४ मधली सगळी गंमत परत सुरू होईल.

कॅमेरा मांडीवर ठेवून बसताना लेन्स किंवा व्ह्यूफाइंडर सूर्याकडे ठेवू नका. भिंगातून ऊन एका बिंदूवर येतं आणि शटर किंवा आतला छोटा स्क्रीन जळू शकतो. कॅप लावायची सवय ठेवा.

गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. फुगलेली दिसली तर ती पुन्हा वापरायची नाही.

टप्पा ७: रोज रात्री, जेवायच्या आधी

"उद्या घरी जाऊन एकदमच साफ करू" म्हणणाऱ्यांच्या स्क्रूंवर गंज येतो. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, रात्रभर.

१. आधी ब्लोअर, सगळीकडून, कॅमेरा उलटा धरून. वाळूचा एक कण असताना कापड फिरवलंत तर ओरखडा ठरलेला.
२. मग ब्रश, बटणांच्या फटीत आणि झूमच्या रिंगखाली.
३. पिण्याच्या पाण्यात कापड भिजवून घट्ट पिळा, अगदी थेंब निघणार नाही इतकं, आणि बॉडी पुसा. मीठ कोरड्या कापडाने निघत नाही, नुसतं पसरतं.
४. लगेच कोरड्या कापडाने पुसा.
५. काच सगळ्यात शेवटी. लेन्स साफ करायचं लिक्विड कापडावर घ्या, काचेवर थेंब टाकू नका, कडेने आत जातो.
६. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा आणि उघडे ठेवून वाळवा.

पट्टा घामाने ओला असेल तर तो काढून वेगळा वाळत घाला, कॅमेऱ्याबरोबर डब्यात बंद करू नका.

कॅमेरा समुद्राच्या पाण्यात पडलाच तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी आणि कार्ड काढा, गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने बाहेरून पुसा, आणि होईल तितक्या लवकर सर्व्हिस सेंटर गाठा. खारं पाणी वाळेपर्यंत थांबलात तर आतलं सर्किट गंजायला लागतं.

टप्पा ८: घरी आल्यावर

ट्रिप संपली, फोटो उतरवले, बॅग कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली आणि पुढे चार महिने पाऊस. माझी ८५ एमएमची लेन्स अशीच गेली. जूनमधे ठेवली ती गणपतीत काढली, टॉर्च धरला तर मधोमध झाडाच्या मुळांसारखे धागे फुटलेले. दुरुस्तीवाल्यांनी साफ करून दिली पण बुरशीतलं आम्ल काचेवरचं कोटिंग (पातळ लेप) खाऊन गेलं होतं, उजेडाकडे धरून काढलेल्या फोटोत अजून पांढरा पडदा येतो.

म्हणून परत आलात की त्याच दिवशी बॅग पूर्ण रिकामी करा. कॅमेरा बॅगेचा फोम कोकणातला ओलावा घेऊन आलेला असतो, तो सगळा सुटा करून दोन दिवस उन्हात वाळवा. कॅमेरा आणि लेन्स त्या बॅगेत परत ठेवायच्याच नाहीत. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, खाली सिलिका (पाच लिटरच्या डब्याला मी १०० ग्रॅम टाकते), वर कापड, त्यावर लेन्स. आत दमटपणा मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा, काही शे रुपयांत मिळतो.

तपासणी: आकडा ४० ते ५० च्या मधे हवा. ६० च्या वर राहिला तर बुरशीला आमंत्रण, सिलिका तापवायची वेळ झाली. ३० च्या खाली गेला तर थोडे दाणे काढा, फार कोरडं रबराला आणि ग्रीसला चांगलं नाही. बऱ्याच लेन्स असतील आणि मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्यात राहत असाल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घ्या, एका लेन्सच्या दुरुस्तीच्या खर्चाशी तुलना करून बघा.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक लेन्स बाहेर काढा, झूम आणि फोकस रिंग दोनचारदा पूर्ण फिरवा, टॉर्चने बघा, दहावीस फोटो काढा. घरातल्या कुठल्या लेन्सला हात लावून महिना झालाय ते आठवा, आणि आज तिच्यापासूनच सुरुवात करा. धागे दिसले तर ती लगेच बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्याच आठवड्यात दुरुस्तीला न्या, बुरशी कोवळी असली तर कोटिंग वाचतं.